कांद्याच्या सालींचा कंदील

कारखान्याच्या दुपारच्या भोंग्याला हे कधी घरी येत नाहीत. त्या दिवशी आले, चपला न काढताच उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "ऑफिसात दादाचा फोन आला होता. अक्का गेली." मी पोळ्या लाटत होते... लाटणं हातातच राहिलं. ताप येतोय, एवढंच आम्हाला कळलं होतं. ताप काय, येतो आणि जातो. मी विचारलं, "आणखी काय म्हणाले?" हे खाली बघत म्हणाले, "म्हणाला, आपल्याला तीन दिवसांचंच सुतक आहे. घटस्थापना अडत नाही."

शास्त्राप्रमाणे बरोबरच होतं त्यांचं. लग्न झालेली बहीण दुसऱ्या घरची, दुसऱ्या गोत्राची, भावाला तिचं सुतक तीन दिवसांचं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची सगळ्यांत थोरली बहीण. दोघे भाऊ त्यांना अक्का म्हणत. ऐन विशीत कपाळ पुसून त्या अकोले तालुक्यातल्या सासरहून नगरला माहेरी आल्या आणि नंतर आयुष्यभर त्याच घरात राहिल्या. भावांची शिक्षणं, लग्नं, आम्हा जावांची बाळंतपणं, पापड, लोणची, आजारपणं, सगळं त्यांच्या अंगावरून गेलं. तोवर त्या 'आमची अक्का' होत्या. डोळे मिटल्यावर तासाभरात दुसऱ्या घरच्या झाल्या. मला रडू यायच्या आधी किळस आली आणि खरं सांगते, ती अजून गेलेली नाही. माणूस गेल्यावर गोड लिहावं अशी रीत आहे, ती मला ठाऊक आहे. पण वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी गोड लिहायला बसले की तोंडाला कडूच चव येते, त्याला मी काय करू?

एस.टी.नं नगरला पोचलो तेव्हा ओट्यावर एक अनोळखी तरुण माणूस अवघडून बसला होता. अकोल्याकडचा, वन्संच्या दिराचा मुलगा. त्यानं काकूला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. त्याला टॅक्सी पाठवून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. अग्नी त्यानं द्यायचा, आणि पुढचं सगळं तिकडंच उरकायचं. माझे थोरले दीर, मी त्यांना भाऊजी म्हणते, कोर्टात शिरस्तेदार आहेत. कागद कुठल्या टेबलावर सरकवायचा हे त्यांना बरोबर समजतं. दारावर प्लॅस्टिकचं तोरण होतं. हिरवी पानं, पिवळी फुलं, त्यावर धुळीचं पूट. त्या तोरणाखालून वन्संना बाहेर काढलं. गल्लीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, "घराची शोभा गेली हो." ती शोभा घराच्या पुढच्या दारात कधी कुणी उभी राहू दिली होती, एवढं तरी विचारायला हवं होतं कुणीतरी.

वन्संचा आवडता शब्द म्हणजे 'शी!'. लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्दही तोच. गणपतीसाठी मखराचं काम चाललं होतं. मी उत्साहानं सोनेरी कागदाची महिरप कातरली आणि नेऊन दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "शी! उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतेय. पुन्हा कर, धाकटे." मला राग आला. पण पुन्हा केली. तिसऱ्या खेपेला त्या काही बोलल्या नाहीत, महिरप उचलून मखराला लावली. त्यांचं कौतुक म्हणजे एवढंच. गप्प राहिल्या की समजायचं, जमलं.

वर्षाचे बाराही महिने त्यांच्या हाताला काहीतरी चाललेलं असे. चैत्रगौरीची आरास, नागपंचमीला गेरूवर चुन्याच्या बोटांनी काढलेली चित्रं, गौरीगणपतीचं मखर, दसऱ्याला बाजरीच्या कणसांचं तोरण, दिवाळीला आकाशकंदील. सासरी त्या फार थोडे दिवस होत्या. पण तिकडे साळीच्या लोंब्या वेणीसारख्या गुंफून दाराला लावतात, ती विद्या तेवढी त्यांनी सासरहून आणली होती. इकडे साळ नाही, म्हणून बाजरीवर चालवली. विकतचं त्यांना काही म्हणता काही लागत नसे. बुरडाकडच्या वाया गेलेल्या कामट्या, चिंचोक्याची खळ, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, पतंगाच्या कागदाचे तुकडे. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून ती खळ शिजायला लागली की घरभर एक आंबूस वास सुटायचा आणि थोरल्या जाऊबाई नाकाला पदर लावायच्या. वन्सं म्हणायच्या, "नाक कसलं मुरडतेस? उद्या हळदीकुंकवाला मिरवायचं आहे ना तुला?"

आणि मिरवायच्याच त्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या साऱ्या बायका यायच्या. पायऱ्यांची आरास, मधोमध गौर, दोन्ही बाजूंना वन्संनी केलेले कागदी मोर, मोरांच्या पिसाऱ्याला एकेक डोळा निराळ्या निळ्याचा. बायका तोंडात बोट घालायच्या. "कुणी केलं हो हे?" जाऊबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणायच्या, "आम्हीच आपलं, सगळ्यांनी मिळून." आणि ज्यांनी केलं, त्या माजघराच्या पलीकडे, स्वयंपाकघरात, पाटावर बसून पन्ह्याचे पेले भरत असायच्या. विधवेनं शुभकार्यात पुढं यायचं नाही. कामट्या तिनं वाकवायच्या, खळ तिनं लावायची, बोटांना सुया तिनं टोचून घ्यायच्या, त्याचा विटाळ कुणालाच नाही. तयार झालेली वस्तू दाराला लावायची वेळ आली, दिवा लावायची वेळ आली, की तेवढ्यापुरती तिची सावली वाईट. हे गणित मला कधी सुटलं नाही. सुटावं अशी इच्छाही नाही.

कंदील टांगायचा तो माझ्या नवऱ्यानं, स्टुलावर चढून. वन्सं माजघराच्या दाराआड उभ्या राहून आतूनच सांगत, "डावीकडे... अजून डावीकडे... अरे, झिरमिळ्या अडकल्यात का बघ." मग कंदिलात दिवा लागायचा, बाहेर सगळे "वा वा" करायचे आणि मी आत आले की त्या मला हळूच विचारायच्या, "रस्त्यावरून कसा दिसतो गं?" दर वर्षी. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकही दिवाळी अशी गेली नाही की त्यांनी हे विचारलं नाही. सणाच्या संध्याकाळी दिवेलागणीला विधवेनं पुढच्या दारात जायचं नाही, हा त्या घरचा रिवाज. त्यामुळे स्वतः केलेला कंदील, पेटलेला, रस्त्यात उभं राहून त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी वर्णन करायचे. त्या ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "तुला काय कळतंय." माझ्या वर्णनानं त्यांचं समाधान होत नसे. कसं व्हावं? एकदा मी चिडून म्हटलं, "चला ना बाहेर, मी बघते कोण काय म्हणतंय ते." त्या म्हणाल्या, "तू बघशील. मग सणभर तोंडं वाकडी करतील ती तुलाच बघावी लागतील. राहू दे." पण म्हणताना त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, ते मी विसरले नाही.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. त्या वर्षाचं मी काय सांगू, नगर जिल्ह्यात ज्यानं पाहिलं त्याला सांगायला नको आणि न पाहिलेल्याला सांगून कळायचं नाही. बाजरी पेरली तशी जळाली. दसऱ्याला दाराला लावायला एक कणीस मिळेना, झेंडू तर कुठला! वन्संनी आंब्याची चार पानं शोधून आणली, तीही करपलेली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा भाऊजींनी फर्मान काढलं, "यंदा कंदीलबिंदील काही नको. कागदसुद्धा आणायचा नाही. लोक उपाशी आहेत." बोलणं थोर होतं. पण त्याच आठवड्यात कचेरीतल्या लोकांना फराळाला बोलवायचं ठरलं, तेही त्यांनीच ठरवलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला कांद्याची वखार होती. उन्हाळ्यातला साठवणीचा कांदा तिथं निवडत. पारनेरकडच्या खेड्यांतून दुष्काळामुळे आलेल्या बायका दिवसभर कांदे चोळत बसायच्या आणि सुटलेली सालं वाऱ्यावर गल्लीभर उडायची. आमच्या ओट्यावर रोज पाटीभर साल जमा होई. सकाळी अंगण झाडायचं काम वन्संचं. झाडताना त्यांचं तोंड चालू असे, "शी! ही सालपटं बघ. शी! कांद्याचा मेला उकिरडा." त्यातून चातुर्मास. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. तो नियम कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे दिवाळीतसुद्धा. एक दिवस मी बघते तर वन्सं केरसुणी हातात धरून तशाच उभ्या. दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक साल, सूर्याकडे धरलेली. गुलाबी, पातळ, बारीक शिरांची. उन्हात ती आतून पेटल्यासारखी दिसत होती. मला पाहून त्या म्हणाल्या, "धाकटे, असा कागद कुठल्या दुकानात मिळत नाही गं."

त्याच दुपारी त्या वखारीत गेल्या. तिथल्या बायकांतली भागाबाई म्हणून एक होती, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जावं. तिनं एक पोतं साल भरून ठेवली. वन्सं पोतं मागच्या दारानं न्हाणीघराशेजारच्या खोलीत घेऊन आल्या. पुढचे आठ-दहा दिवस मी त्यांना असं काम करताना पाहिलं की जसं कधी पाहिलं नव्हतं. वरची मळकी साल टाकायची. आतली, न फाटलेली निवडायची. ओल्या फडक्यानं पुसायची, जुन्या वर्तमानपत्रांत घालून पाट्याखाली दाबून ठेवायची. मग कामट्यांच्या सांगाड्यावर खळीनं एकावर एक, पाकळीवर पाकळी, वरून खाली. फिकी वर, गडद खाली, तळाशी जवळजवळ जांभळी. झिरमिळ्यासुद्धा सालीच्याच कातरल्या. मधूनच त्यांचं "शी!" ऐकू यायचं आणि लावलेली पाकळी उचकटून पुन्हा लागायची. मला त्यांनी शपथ घातली, "कशाचा आहे ते कुणाला बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, जुना पतंगाचा कागद." मी हसू दाबत हो म्हटलं.

वसुबारसेच्या संध्याकाळी कंदील लागला. आत विजेचा दिवा. मी रस्त्यावर गेले आणि... काय सांगू. पाडाला लागलेल्या आंब्याच्या कोयीभोवती जसा रंग असतो, तसा उजेड आमच्या दारावर पडला होता. माणसं थांबून बघत होती. अशा कोरड्या वर्षात गल्लीत एवढी एकच ओली वस्तू होती. भाऊजी तर हरखलेच. कंदील नको म्हणणारे तेच, पण आता येईल त्याला हात धरून बाहेर नेत आणि म्हणत, "आमच्याकडची कला बघा! आहे का असा रंग नगरात?" एकदा कंदिलाखाली उभे असताना ते मला म्हणाले, "काय गंमत आहे कळत नाही. इथं उभं राहिलं की भूकच लागते." दिव्याची ऊब लागून सालींना अगदी बारीक, भाजल्यासारखा वास सुटत होता. मी आत पळाले आणि वन्संना सांगितलं. त्या पदर तोंडात कोंबून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "रस्त्यावरून कसा दिसतो गं?"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोर्टातले एक वकील सपत्नीक आले होते. भाऊजी त्यांना घेऊन कंदिलाखाली उभे. मी आणि जाऊबाई फराळाच्या ताटल्या घेऊन दारात. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून भागाबाईचा आवाज आला आणि मागोमाग ती आली.

"आक्का! अवं आक्का! भायेर या की! आमच्या वखारीतल्या सालींचा कंदील लई झ्याक झालाय वं! म्या समद्या बायांस्नी सांगितलं, कोरटातल्या सायबाच्या दारात आमचा कांदा लटाकलाय!"

भाऊजी म्हणाले, "कसला कांदा?"

"ह्यो काय, डोस्क्यावं हाय की तुमच्या. पोतंभर साल दिली म्या."

भाऊजींनी वर पाहिलं. मग एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक, आणि त्यांचं तोंड असं झालं की जणू ताटात झुरळ निघालं. "शी! शी! शी! चातुर्मासात! दारावर! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी! अक्का...!" वन्सं माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिथून पुढं आल्या नाहीत. भाऊजींनी विचारलं, "हे तू केलंस?"

"केलं. वसुबारसेपासून तूच मिरवतोयस."

"कांदा आहे हा!"

"साल आहे. कुणाच्या तोंडात नाही घातली."

"विटाळ तो विटाळ! देवाधर्माची काही चाड?"

भागाबाई बिचारी गांगरून गेली होती. ती म्हणाली, "सायेब, कांदा म्हंजी काय मेलेलं जनावर हाय व्हय? पोरांस्नी भाकरीसंगं त्योच हाय आमच्याकडं." तिच्याकडे भाऊजींनी लक्षच दिलं नाही. कोपऱ्यातली काठी उचलून त्यांनी कंदील खाली ओढला. तार तुटली, दिवा फुटला, पाकळ्या ओट्यावर विखुरल्या. उरलेला सांगाडा त्यांनी काठीच्या टोकानं, हात लागू नये असा उचलून पलीकडच्या उकिरड्यावर भिरकावला. आणि मग वन्सं बोलल्या. आवाज चढवला नाही. कपडे वाळत घालताना बोलावं तशा बोलल्या.

"वसंता, तुझे शर्ट मी धुते. धुवायच्या आधी खिसे मीच बघते. चातुर्मासात तुझ्या खिशातून भज्यांचे तेलकट कागद निघतात, ते कशाच्या भज्यांचे असतात रे?"

वकीलबाईंनी पदर तोंडाला लावला. वकील उगाच आकाशाकडे बघू लागले. वन्संनी भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या महिरपीकडे पाहिलं होतं तसंच डोळे बारीक करून, आणि म्हणाल्या, "शी!" आणि आत निघून गेल्या. त्या एका शब्दासाठी मी त्यांच्या पाया पडायला तयार होते.

भाऊजींनी दार धुऊन घेतलं, गोमूत्र शिंपडलं, स्वतः आंघोळ केली. भजी पोटात गेलेली, त्याला गोमूत्र कुठून शिंपडणार! पण अशी माणसं खरं ऐकून सुधारत नाहीत, खरं बोलणाऱ्यावर दात धरतात. दुसऱ्या दिवशी घरात जाहीर झालं की यापुढं सणावाराच्या कशालाही अक्काचा हात लागायला नको. देवाचं काम आहे, तिच्या मनात काय असतं सांगता येत नाही. जाऊबाईंनी मान हलवली. संक्रांतीच्या सुमाराला पुण्याहून प्लॅस्टिकचं तोरण आलं, गणपतीला तयार थर्माकोलचं मखर आणू म्हणून बोलणी झाली. वन्संना पोळ्या होत्या, धुणं होतं, माणसांची दुखणी होती. फक्त ते काम गेलं, जे त्यांचं होतं.

आम्ही मधल्या काळात ह्यांच्या नोकरीमुळं साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायला आलो. श्रावणात मी नगरला गेले, तीच शेवटची भेट. वन्सं मागच्या अंगणात बादलीत प्लॅस्टिकचं तोरण साबणानं धुवत बसल्या होत्या. त्या तोरणाला हात लावायला चालत होता, बरं का. धुण्यापुरता. मला पाहून म्हणाल्या, "बघ, धुतलं की नवं. सुकत नाही, झडत नाही, किडा लागत नाही. मरतच नाही म्हणे हे. जे मरत नाही ते सणाला कशाला लावायचं गं? सण काय रोज असतो?" त्यांची बोटं मऊ पडली होती. बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातलं एस.टी.चं तिकीट घेतलं आणि त्याच्या घड्या घालायला लागल्या. निघताना तिकिटाची एक एवढीशी चिमणी माझ्या तळहातावर ठेवली. कंडक्टरनं भोक पाडलं होतं, ते बरोबर डोळ्याच्या जागी आलं होतं. मी गप्प राहिले. त्यांच्याच रीतीनं कौतुक केलं.

सुतकाचे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी तेच तोरण पुन्हा धुतलं आणि दारावर लावलं. घट बसायचे होते. वन्संच्या खोलीतली खळीची वाटी, कात्र्या, कामट्या एका पोत्यात भरून जिन्याखाली ठेवल्या होत्या, "भंगारवाला आला की देऊ." मला तिथं एक घोट पाणीसुद्धा प्यावंसं वाटेना. कात्री तेवढी मी पिशवीत टाकली आणि ह्यांना म्हटलं, "चला." वखारीवरून स्टँडकडे जात होतो. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं दाराशी भागाबाई बसली होती. तिनं मला ओळखलं, उठून आली आणि माझा हात धरून रडायला लागली. त्या चार दिवसांत वन्संसाठी खरं रडलेलं माणूस मी हे पहिलंच पाहिलं. मग माझी नजर वर गेली. तिच्या दाराच्या चौकटीला कंदील होता. तोच. सांगाडा ओळखीचा, एका बाजूची कामटी मोडून सुतळीनं बांधलेली, सालं काही जुनी, काही नवी.

मी विचारलं, "हा इथं कसा?"

"उकिरड्यावनं म्याच उचालला, धाकल्या वयनी. वाईट वाटलं वं. माज्या तोंडानं घात केला ना. आन् पाडव्याला सांजच्याला आक्का आल्या. देवळात जाते म्हनून सांगून आल्त्या. संगं खळीची वाटी. हितं बसून समद्या साली नव्यानं चिकटिवल्या. मंग मला म्हनल्या, टांग. म्या म्हनलं, न्हाई बा. तुमीच टांगा. तुमच्या हातचा हाय, तुमचाच हात लागू द्या माज्या दाराला."

"मग?"

"म्हनल्या, भागे, माझं कपाळ बगितलंस का. म्या म्हनलं, आमच्या दारावं कपाळं न्हाई बगत, हात बगत्यात. तवा चढल्या की खोक्यावं. सोता टांगला. आत राकेलची चिमनी ठिवली. आन् मंग..." भागाबाई रडता रडता हसायला लागली, "मंग त्या पार तिकडं रस्त्यावं जाऊन हुब्या ऱ्हायल्या. लोकं येत्यात, सायकली येत्यात, ह्या आपल्या मधीच. बगत्यात, बगत्यात. मला वाटलं, आता डोळ्यास्नी पदर लावत्यात. तर म्हनल्या, शी! एक साल तिरकी बसली. आन् आल्या, उतरिवला, ती साल उचाकली, सारकी केली आन् पुन्यांदा टांगला!"

हे बाजूला तोंड फिरवून उभे राहिले. मी तिथंच, रस्त्यात, जिथं वन्सं उभ्या होत्या तिथं जाऊन उभी राहिले. दिवस होता, कंदील विझलेला होता. तरी मी बघून घेतला. मी भागाबाईला म्हटलं, "हा मला देतेस? आठवण म्हणून." तिनं सरळ मान हलवली. "न्हाई वयनी. त्यो हितंच ऱ्हानार. दर सालाला जुनी साल काढून नवी लावायची, आसं सांगून गेल्यात त्या. तुमास्नी साल देते की. पोतंभर न्या."

तर ती साल मी आणली. यंदा दिवाळी मी केली नाही. फराळ नाही, रांगोळी नाही. माझं सुतक किती दिवसांचं ते मी ठरवीन, शिरस्तेदारांनी ठरवायचं नाही. पण कंदील केला. वन्संच्या कात्रीनं, चिंचोक्याच्या खळीनं, वसाहतीतल्या शेजारणी नाकाला पदर लावत असताना. पहिलीच पाकळी तिरकी बसली. घरात कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हटलं, "शी!" आणि ती उचकटली.

वसुबारसेपासून तो आमच्या दारावर आहे. संध्याकाळी दिवा लावते आणि रस्त्यावर जाऊन बघून येते. दोघींच्या वाटचं बघते. भाऊबीज झाल्यावर भाऊजी आणि जाऊबाई दोन दिवस आमच्याकडे यायचे आहेत, तसा फोन आला आहे. एकादशी अजून लांब आहे, चातुर्मास चालूच आहे. हे म्हणाले, "दादा यायच्या आधी काढायचा का?" मी म्हटलं, "मुळीच नाही. येऊ देत."

कारखान्याच्या क्वार्टरला आत यायला दुसरं दार नाही.